डांबर आणि चिखल अशा मिश्र वाटेसाठी ॲडव्हेंचर मोटारसायकलचा टायर कसा निवडावा

ॲडव्हेंचर मोटारसायकलच्या टायरच्या माहितीपत्रकात ‘९०/१०’, ‘७०/३०’, ‘५०/५०’ असे आकडे दिलेले असतात. पहिला आकडा पक्क्या रस्त्याचा आणि दुसरा कच्च्या वाटेचा वाटा दाखवतो, असे समजून बहुतेक चालक आपल्या प्रवासाचा ढोबळ हिशेब करतात आणि जुळणारा टायर विकत घेतात. ही पद्धत सोपी असली तरी विश्वासार्ह नाही. हे आकडे कोणत्याही सामाईक मानकानुसार मोजलेले नसतात. प्रत्येक उत्पादक ते आपल्या अंदाजाने ठरवतो, त्यामुळे एकाचा ५०/५० टायर दुसऱ्याच्या ६०/४० टायरपेक्षा चिखलात कमी पडू शकतो. शिवाय ‘कच्ची वाट’ या एकाच नावाखाली मुरूम, सुटी खडी, वाळू, गवताळ माळ आणि चिखल हे सगळे येते, आणि यांपैकी चिखलाची मागणी इतरांहून पूर्णपणे वेगळी असते. खडीवर अत्यंत भरवशाने चालणारा टायर शंभर मीटर चिकणमातीत निरुपयोगी ठरू शकतो.

म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी. आपल्या वाटेवर चिखल कोणत्या जातीचा आहे, हा पहिला प्रश्न. त्या चिखलातून बाहेर पडल्यावर ओल्या डांबरावर आपण किती अंतर आणि किती वेगाने जाणार आहोत, हा दुसरा. पहिला प्रश्न सगळेच विचारतात; दुसरा फार थोडे विचारतात. माझ्या मते मिश्र वापराच्या टायरची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नातच होते, कारण चिखलात मोटारसायकल घसरते तेव्हा वेग बहुधा कमी असतो, तर ओल्या डांबरावर ती घसरते तेव्हा वेगही जास्त असतो आणि समोरून वाहनेही येत असतात.

चिखलाची जात ओळखणे

चिखलात टायरला पकड देणारी गोष्ट केवळ रबर नसते. नक्षीतील ठोकळे मातीत रुततात आणि त्या मातीला मागे ढकलून पुढे सरकतात. हे काम सतत चालू राहण्यासाठी ठोकळ्यांमधील खाचा रिकाम्या होत राहाव्या लागतात. टायर जमिनीला टेकतो तेव्हा तेवढा भाग सपाट होतो आणि वर उचलला जाताना पुन्हा गोल होतो. या हालचालीने आणि चाक फिरण्याच्या जोराने खाचांत अडकलेली माती बाहेर फेकली जाते. खाचा अरुंद असतील किंवा माती फार चिकट असेल, तर त्या भरून राहतात आणि नवाकोरा टायरसुद्धा गोटा झालेल्या टायरसारखा वागू लागतो. म्हणून चिखलासाठी टायर पाहताना ठोकळ्यांच्या उंचीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष त्यांच्यामधील मोकळ्या जागेकडे द्यावे.

चिखलाचे तीन प्रकार व्यवहारात वेगळे धरावेत. कडक तळावर पसरलेला पातळ रेंदा हा पहिला. येथे टायरने वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचणे आवश्यक असते, त्यामुळे अरुंद टायर आणि उंच, कडक ठोकळे उपयोगी पडतात. रुंद टायर अशा रेंद्यावर तरंगतो आणि बाजूला सरकतो. दुसरा प्रकार खोल, मऊ गाळाचा, ज्यात तळ लवकर सापडतच नाही. येथे टायर फार रुतू नये यासाठी थोडी रुंदी आणि कमी दाब यांची मदत होते. तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे चिकणमाती. ती खाचांतून सुटतच नाही, एका थरावर दुसरा थर चढत जातो, आणि शेवटी चाक मडगार्डात अडकून थांबते. अशा मातीत संमिश्र वापराचा कोणताही टायर फार वेळ टिकाव धरत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. अतिशय मोकळ्या नक्षीचा टायर तिथे थोडे अधिक अंतर काढून देतो, इतकेच.

ही फोड करण्याचे कारण असे की, अनेकांच्या वाटेवरचा चिखल पहिल्या प्रकारचा असतो: मुरमाच्या किंवा दगडी तळाच्या रस्त्यावर पावसाने साचलेला पातळ रेंदा. त्यासाठी पूर्ण ठोकळेदार टायरची गरज नसते. मध्यम मोकळ्या नक्षीचा, परंतु खोल खाचांचा टायर तिथे पुरेसा ठरतो आणि डांबरावर तो कितीतरी सुरक्षित असतो.

ओले डांबर

ठोकळेदार टायरचा रस्त्याशी प्रत्यक्ष संपर्क कमी असतो, कारण टेकलेल्या भागातली बरीच जागा खाचांनी व्यापलेली असते. त्यात उंच, सुटे ठोकळे ब्रेक लावताना आणि वळताना वाकतात, त्यामुळे हँडलला मिळणारा प्रतिसाद सैल वाटतो. कोरड्या रस्त्यावर सवयीने हे सांभाळता येते. पावसात मात्र ब्रेकचे अंतर वाढते आणि वळणात पकड सुटण्यापूर्वी मिळणारी सूचना फार थोडी असते.

रबराचे मिश्रण येथे नक्षीइतकेच महत्त्वाचे असते. जास्त किलोमीटर टिकावा म्हणून काही टायरचे रबर बरेच कडक ठेवलेले असते, आणि असा टायर थंड, ओल्या रस्त्यावर पकडीत मागे पडतो. ओल्या पकडीसाठी अनेक उत्पादक रबरात सिलिका मिसळतात. म्हणून केवळ ‘किती किलोमीटर चालतो’ हा निकष लावून टायर निवडू नये. वर्षातील बराच प्रवास पावसात होणार असेल, तर दीर्घायुष्याच्या लोभापायी ओल्या रस्त्यावरची पकड गमावणे मला योग्य वाटत नाही.

चिखलातून डांबरावर येण्याचा क्षण वेगळा लक्षात घ्यावा लागतो. सरळ चालताना टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला घासून स्वच्छ होतो. कडेचे ठोकळे तसेच माखलेले राहतात. चालकाला वाटते की टायर साफ झाला, आणि पहिल्याच वळणावर मोटारसायकल झुकते तेव्हा चिखलाने भरलेली कड रस्त्याला टेकते. चिखलातून डांबरावर असे येणे वाटेत वारंवार घडणार असेल, तर कडेच्या ठोकळ्यांमधील खाचा बाहेरच्या बाजूस उघड्या असलेली नक्षी घ्यावी, म्हणजे त्या लवकर रिकाम्या होतात. टायर कोणताही असला तरी डांबरावर आल्यानंतरची पहिली काही वळणे हळू आणि कमी झुकून घ्यावीत.

नक्षी कशी वाचावी

टायर हातात घेऊन प्रथम त्याचा मधला भाग पाहावा, कारण रस्त्यावरचे बहुतेक किलोमीटर त्याच भागावर जातात. तिथे सलग रबरी पट्टा असेल, तर टायर रस्त्यावर शांत चालतो आणि सावकाश झिजतो, पण चिखलात मागच्या चाकाचा जोर त्याच पट्ट्यावर घसरून वाया जातो. हायडेनाऊ के६० स्काउट या टायरच्या मोठ्या आकाराच्या मागील मापांत असा मधला पट्टा दिसतो, आणि लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी तो लोकप्रिय असण्याचे व खोल चिखलात त्याच्या मर्यादा दिसण्याचे कारण एकच आहे. याच्या उलट टोकाला कॉन्टिनेंटल टीकेसी ८० किंवा मिशलिन अनाकी वाइल्ड यांसारखे सुट्या ठोकळ्यांचे टायर आहेत: मातीत पकड चांगली, मात्र डांबरावर मागचा टायर भराभर झिजतो. या दोन टोकांच्या मध्ये बाणाकृती नक्षीचा मिटास ई-०७ किंवा मोठे, एकमेकांजवळचे ठोकळे असलेला पिरेली स्कॉर्पियन रॅली एसटीआर असे पर्याय येतात.

नंतर ठोकळ्यांच्या बुडाशी पाहावे. अनेक टायरमध्ये शेजारचे ठोकळे खालून रबराच्या उंचवट्याने जोडलेले असतात. त्यामुळे ठोकळा वाकत नाही आणि डांबरावर स्थैर्य येते. पण खाच तिथे उथळ होते, आणि टायर थोडा झिजला की ते उंचवटे वर येऊन खाच जवळजवळ बंद होते. नव्या टायरच्या छायाचित्रात ही गोष्ट कळत नाही, म्हणून शक्य असेल तर त्याच टायरचा अर्धा झिजलेला नमुना पाहावा. मोकळ्या नक्षीच्या टायरमध्ये सुरुवातीची खोली साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असते. ती निम्मी झाली की रस्त्याच्या दृष्टीने टायरचे बरेच आयुष्य शिल्लक असते, परंतु चिखलासाठी तो जवळपास संपलेला असतो. यातून एक व्यावहारिक नियोजन सुचते: नवा टायर पावसाळी मोसमाच्या तोंडावर बसवावा, चिखलाचे दिवस त्याच्या पूर्ण खोलीवर काढावेत आणि उरलेली झीज कोरड्या मोसमात डांबरावर होऊ द्यावी.

पुढचा टायर आणि मागचा टायर

दोन्ही चाकांना एकाच जातीचा टायर हवा का, हा प्रश्न सर्वाधिक वादाचा आहे, आणि त्याचे उत्तर चाकांच्या कामांत सापडते. मागचे चाक इंजिनाच्या जोरावर फिरते. खाचा भरल्या तर थ्रॉटल देऊन ते चाक क्षणभर जोरात फिरवता येते आणि चिखल फेकून देता येतो. पुढच्या चाकाला ही सोय नाही. ते मोटारसायकलच्या वेगानेच फिरते, आणि चिखलात तो वेग कमी असतो. त्यामुळे खाचा आपोआप रिकाम्या होण्याची गरज पुढच्या टायरला अधिक असते. मागचे चाक घसरले तर बऱ्याचदा सावरता येते, पुढचे घसरले तर चालक सहसा खाली पडतो. या दोन कारणांमुळे अनेक अनुभवी चालक पुढे अधिक मोकळ्या नक्षीचा आणि मागे थोडा बंद, जास्त टिकणारा टायर लावतात. पुढचा टायर मुळातच कमी झिजतो, त्यामुळे ही जोडी खर्चाच्या दृष्टीनेही परवडते.

पण याच जागी अडचण आहे. डांबरावर जोरात ब्रेक लावताना बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे ओल्या रस्त्यावर थांबण्याची मदार ज्या टायरवर असते, त्याच टायरची संपर्कजागा आपण चिखलासाठी कमी करत असतो. एका टायरमध्ये दोन्ही गोष्टी पूर्णपणे मिळत नाहीत. माझा सल्ला असा आहे की, चिखलाचा भाग रोजचा किंवा लांब असेल आणि डांबरावरचा वेग मध्यम असेल, तर पुढे मोकळ्या नक्षीचा टायर लावावा. महामार्गावरून दिवसभर जाऊन शेवटी काही किलोमीटर चिखल लागणार असेल, तर दोन्ही चाकांना मध्यम नक्षीचा, एकाच जोडीतला टायर लावावा आणि चिखलात वेग कमी ठेवून ती उणीव भरून काढावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकत्र लावायचे झाल्यास मोटारसायकलच्या व टायरच्या उत्पादकाची त्याला हरकत नाही याची खात्री करावी. पुढे अगदी रस्त्याचा आणि मागे पूर्ण ठोकळेदार, ही उलटी जोडी मात्र टाळावी.

माप, भार आणि वेग

टायरच्या बाजूवर ९०/९०-२१ किंवा १५०/७० आर १८ असे माप असते. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा उंचीचे रुंदीशी असलेले टक्केवारीतील प्रमाण आणि शेवटचा रिमचा इंचातील व्यास. ‘आर’ असेल तर टायर रेडियल असतो, म्हणजे त्याच्या आतील धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात; नुसती आडवी रेघ असेल तर बायस बांधणीचा, म्हणजे धागे तिरके, एकमेकांना छेदणारे असतात. लांब, वेगवान प्रवासात रेडियल टायर कमी तापतो. बायस टायरच्या बाजू सहसा अधिक ताठ असतात. रिमला मान्य असलेले मापच घ्यावे. दिसायला भारदस्त म्हणून रुंद टायर बसवल्यास त्याचा आकार बिघडतो आणि पातळ रेंद्यात तो उलट जास्त घसरतो. पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ इंची असेल, तर मोकळ्या नक्षीचे बरेच पर्याय उपलब्ध असतात. १९ आणि १७ इंची जोडीत, त्यातही १७०/६० आर १७ सारख्या रुंद मापात, निवड अधिक मर्यादित असते.

मापापुढे भाराचा निर्देशांक आणि वेगाचे अक्षर असते. निर्देशांक ५४ म्हणजे २१२ किलो आणि ६९ म्हणजे ३२५ किलो. मोटारसायकल, दोन माणसे आणि भरलेल्या पेट्या यांचा भार मागच्या टायरवर किती येतो, हे पाहूनच निर्देशांक स्वीकारावा. वेगाच्या अक्षरांत क्यू म्हणजे ताशी १६०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर. ठोकळेदार टायरवर बहुधा खालचे अक्षर असते. आपण तितक्या वेगाने जात नाही, एवढ्याने प्रश्न संपत नाही. मोटारसायकलच्या कागदपत्रांत किंवा पुस्तिकेत नमूद असलेल्या अक्षराहून खालचा टायर आपल्या देशात कायद्याने व विम्याच्या अटींनुसार चालतो का, हे तपासावे.

टायर बसवल्यावर चाक हाताने फिरवून मडगार्ड, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा), चेन आणि ब्रेकच्या नळ्या यांच्यापासून किती जागा उरते ते पाहावे. छापील माप तेच असले तरी ठोकळेदार टायरचा प्रत्यक्ष घेर मोठा असू शकतो. पुढचे मडगार्ड चाकाला चिकटून असलेल्या मोटारसायकलींवर चिकणमातीत चाक अडकते, आणि तिथे महागडा टायर घेण्याआधी उंच मडगार्ड लावणे अधिक उपयोगी पडते.

हवेचा दाब

योग्य टायर चुकीच्या दाबावर चालवणे ही सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या टायरचे नाव विनाकारण खराब होते. रस्त्यावरचा दाब मोटारसायकलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. चिखलात हा दाब साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करून सुरुवात करावी: पुढे ३४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) सांगितले असेल, तर २७ च्या आसपास. खोल गाळात आणखी थोडे कमी केल्यास फायदा होतो. कडक तळावरच्या पातळ रेंद्यात मात्र दाब फार उतरवू नये, कारण टायर पसरतो आणि तळापर्यंत कापत जाण्याऐवजी वर तरंगतो.

दाब कमी करण्याची सीमा चाकाच्या रचनेवर ठरते. ट्यूब असलेल्या चाकात दाब फार कमी झाला, तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटते व फाटते. टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हही उखडू शकतो, आणि हे सरकणे रोखण्यासाठी टायरची कड रिमवर दाबून धरणारा रिम-लॉक लावतात. ट्यूबलेस चाकात टायरची कड रिमवरून सुटून हवा एकदम जाण्याचा धोका असतो, आणि ओतीव मिश्रधातूचे रिम दगडावर तडकू शकते. सामान लादलेल्या जड मोटारसायकलवर, चिखलाखाली दगड असण्याची शक्यता असेल तेव्हा, २२ पीएसआयच्या खाली जाण्याचे मी टाळेन. पंक्चरच्या दृष्टीने ट्यूबलेस टायर सोयीचा आहे, कारण चाक न काढता छिद्रात रबराची पट्टी भरता येते. चिखलात उभे राहून ट्यूब बदलण्याची कल्पना केली की त्याचे महत्त्व लक्षात येते. तरीही ट्यूबलेस चाक वापरणाऱ्याने लांबच्या प्रवासात मापाची एक ट्यूब जवळ ठेवावी, कारण वाकलेल्या रिमवर टायर हवा धरत नाही.

डांबरावर परतताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे. कमी दाबावर वेगाने चालवल्यास टायरच्या बाजू सतत दुमडतात, रबर तापते, ठोकळे फाटतात आणि सामान लादलेल्या मोटारसायकलचे हँडल हेलकावे खाऊ लागते. म्हणून छोटा पंप आणि दाबमापक हे दोन्ही टायरच्या खरेदीचाच भाग समजावेत. पंपाची सोय नसेल, तर चिखलासाठी हवा सोडूच नये.

बसवताना आणि वापरताना

खरेदीच्या वेळी टायरवरील ‘डीओटी’ या खुणेनंतरचे शेवटचे चार अंक पाहावेत. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. रबर वर्षांगणिक कडक होत जाते आणि ओल्या रस्त्यावर ते प्रथम जाणवते. पाच वर्षांहून जुना टायर न वापरलेला असला तरी मी घेणार नाही.

दिशेचा बाण तपासून घ्यावा. मागच्या टायरवर मुख्य ताण इंजिनाच्या ओढीचा येतो आणि पुढच्यावर ब्रेकचा, आणि हे दोन ताण एकमेकांच्या उलट दिशेने असतात. त्यामुळे एकाच नमुन्याच्या टायरवर पुढच्या व मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असू शकतात. पहिले १५० ते २०० किलोमीटर सौम्य चालवावे, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. घेर बदललेला असल्यास वेगमापकाचा आकडाही थोडा बदलतो, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) व ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच काम करत असल्याने, पुस्तिकेत मान्य नसलेले माप बसवल्यास त्यांचे वागणे आधी मोकळ्या जागेत तपासावे.

झीज पाहताना फक्त खोली मोजून थांबू नये. पुढच्या टायरच्या ठोकळ्यांची एक कड उंच आणि दुसरी खाली गेलेली दिसली, तर ब्रेकच्या ताणाने ती झीज असमान झाली आहे असे समजावे. दाब कमी राहिल्याने ती आणखी वाढते आणि गुणगुण व थरथर त्याच वेळी जाणवू लागते. मागचा टायर मध्यभागी सपाट झाला की मोटारसायकल वळणात आधी अडखळते आणि मग एकदम झुकते. चिखलाच्या प्रत्येक फेरीनंतर टायर धुवून ठोकळ्यांच्या बुडाशी तडे, फाटलेले कोपरे आणि रुतलेले खडे पाहावेत, आणि ठोकळा मुळापासून सुटू लागलेला दिसला तर खोली कितीही शिल्लक असली तरी तो टायर बदलावा.